पाटीची मागची बाजू

उत्तम,

तुला पोचवायला मी आलो नाही. सुनंदावहिनींना फोनवर सांगितलं, लीव्ह मिळाली नाही. आईला, ताईला, इथे आखातातल्या मराठी मंडळींना, सगळ्यांना तेच सांगितलं. तुला खरं सांगतो. मी लीव्ह मागितलीच नव्हती.

बाकीची धावपळ मात्र केली. हॉस्पिटलचा कागद, दूतावासाचा कागद, तुझा व्हिसा कॅन्सल करणं. कार्गोच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "रिलेशन?" मी म्हटलं, "फ्रेंड." त्यानं ते लिहून घेतलं. सही केली आणि गाडीत येऊन एसी लावून नुसता बसून राहिलो. तुझ्या गावचा रस्ता आमच्या गावावरून जातो. अँब्युलन्स आमच्या आडापाशी वळणार, आणि आडाच्या कठड्यावर ती पितळी पाटी असणार, तू बनवलेली आणि मी बॅगेत टॉवेलांत गुंडाळून नेलेली. तुझ्या मागोमाग त्या पाटीसमोरून जायची माझी छाती झाली नाही. एवढंच कारण. तीन आठवडे झाले, ते कुणालाच सांगता आलेलं नाही.

आपली ओळख भांडणातून झाली, आठवतं? मी कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंगं तपासणारा, तू सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये पाट्या बनवणारा. एका इमारतीसाठी तू केलेल्या सगळ्या पाट्या मी रिजेक्ट केल्या, कारण स्क्रूची भोकं ड्रॉइंगपेक्षा दोन मिलिमीटर आत होती. तू आलास, माझ्याशी हिंदीत अदबीनं बोललास आणि दाराकडे वळताना स्वतःशीच पुटपुटलास, "शहाण्याला दोन मिलिमीटर दिसत्यात, भिंत वाकडी हाय ती दिसंना." मी मागून म्हटलं, "भिंत माझी न्हवं, ती दुसऱ्याची हाय." तू गर्रकन वळलास. पाच मिनिटांत जिल्हा निघाला, दहा मिनिटांत तालुका. पाट्या मात्र मी रिजेक्टच ठेवल्या, आणि तू त्या पुन्हा करून दिल्यास.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी गुदैबियातल्या उडप्याच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल आपलं. तू बौद्ध, मी पाटलाच्या घरातला. हे आपण कधी बोललो नाही. आडनावं ऐकून दोघांनाही पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि कळलं नाही असं दाखवणं मला सोयीचं होतं. तुलाही असेल असं मी धरून चाललो. इथल्या राजकारणावर बोलायचं नाही हा दुसरा अलिखित करार. मग उरली अमेरिका. तिच्यावर आपण मनसोक्त तोंडसुख घ्यायचो.

आणि अमेरिका आपल्या टेबलावर आणली माझ्या लेकीनं, रेवानं. ती शिकायला तिकडच्या दक्षिणेतल्या एका लहानशा गावात गेली. आपल्या दुपारी तिची सकाळ. साखरेच्या बरणीला फोन टेकवून ठेवायचा आणि ती नाश्ता करत बोलायची. तू मराठीत विचारायचास, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि तुमचं दोघांचं माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. तिच्या गावात कोर्टासमोर उंच चौथऱ्यावर बंदूक घेतलेल्या शिपायाचा धातूचा पुतळा होता. तिकडच्या यादवी युद्धात दक्षिणेची राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघाली आणि हरली, त्या हरलेल्या फौजेचा शिपाई. तो काढावा की ठेवावा यावर गाव दुभंगलं होतं, आणि रेवाला कॉलेजात त्यावर निबंध लिहायचा होता.

"उत्तमकाका, यू मेक दीज थिंग्ज. व्हॉट डू यू सी?" तिनं फोटो दाखवला.

तू चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून बघितलंस. "साच्यातला माल हाय. ह्या एका साच्यातनं लई शिपाई निघाले असतील. पुढनं सगळेच फोटो काढत्यात, पोरी. मागनं काढून पाठव. कुणी बनवला आन कधी बनवला, ते मागं लिवलेलं असतं."

पुढच्या शुक्रवारी तिनं मागचा फोटो आणला. चौथऱ्याच्या मागच्या अंगाला, खाली गवताजवळ, कारखान्याचं नाव आणि साल होतं. लढाई संपून जवळजवळ अर्धं शतक लोटल्यावरचं साल. तुझा चहा निवत होता तरी तुझं लक्ष नव्हतं.

"शिपाई मेले, त्यांची पोरं म्हातारी झाली, आन मग आठवण आली? मधी काय झालं ते बघ," तू तिला म्हणालास.

रेवानं बघितलं. त्याच काळात तिकडे काळ्या लोकांची मतं काढून घेणारे कायदे होत होते. त्यांना रेल्वेचे वेगळे डबे, वेगळी बाकं, प्यायच्या पाण्याचे वेगळे नळ. पाण्याचे वेगळे नळ म्हटल्यावर तू कप खाली ठेवलास. मग तिनं गंमत म्हणून सांगितलं की असे शिपाई कॅटलॉग बघून मागवायचे, आणि तेच कारखाने जवळपास तसाच शिपाई जिंकलेल्या उत्तरेलाही विकायचे. कमरेच्या पट्ट्याच्या बकलावरची अक्षरं तेवढी बदलायची. तेव्हा तू इतका हसलास की उडप्याचा मॅनेजर पाणी घेऊन धावला. "बक्कल बदललं की खलास, बाजू बदलली!"

मी तुम्हा दोघांच्या विरुद्ध बाजूला. मला ते पाडापाडीचं काही पटत नव्हतं. "इतिहास आहे, पुसू नये," मी म्हणायचो. "लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी उभारलंय."

"मेलेल्यांसाठी रडायचं असतं तर स्मशानात लावला असता," तू म्हणालास. "कोर्टापुढं लावला म्हंजी कुणाला तरी दरडावायचं हुतं."

रेवा म्हणाली, सुरुवातीचे काही खरंच स्मशानात आहेत, कोर्टापुढचे नंतरचे. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. मी हट्टाला पेटलो. "ठीक आहे, मग शेजारी दुसरी पाटी लावा. खरं काय ते तिच्यावर लिहा. काढायचं कशाला?"

"शेजारची पाटी ल्हान असती, लेका. मी बनवतो, मला साईज ठावं हाय."

मी उडप्याकडे बिल मागितलं. तरीही पुढचे कितीतरी शुक्रवार मी शेजारच्या पाटीचं तुणतुणं वाजवत राहिलो. मग कळलं, त्या राज्यानं असले पुतळे हलवायचे नाहीत असा कायदाच केलाय. गावाला काढायचा असला तरी काढता येईना. पुतळ्याभोवती कुंपण घातलं. शिपाई आत, गाव बाहेर. "सगळीच अडकली," तू म्हणालास. मला तेव्हा त्यात आपला काही संबंध दिसला नव्हता.

आता पाटीचं.

नानाकाकांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोन आला. माझे आजोबा, आबासाहेब, यांच्या नावाची पाटी आडावर लावायची होती. "तू येतोयसच सुट्टीवर, तर तिकडून चांगली पितळी करून आण. पण ग्रामसभेच्या आत पाहिजे." मजकूर त्यांनी सांगितला, मी कागदावर उतरवला: हा आड सर्वांसाठी खुला करणारे थोर समाजसेवक कै. आबासाहेब यांच्या पावन स्मृतीस. तो कागद मी शुक्रवारी तुझ्यापुढे सरकवला. केवढ्या ऐटीत! फॉन्ट कोणता, किनार कशी, सगळं बोलत सुटलो होतो.

तू दोनदा वाचलंस. "ह्यो तुमच्या गावचा आड? माझ्या आज्जीचं म्हायेर हाय तुमचं गाव. कधी बोललो न्हाई तुला."

"बघ! म्हणजे तू आमच्या गावचा भाचाच," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता, उत्तम. तेवढं खरं मान.

"सर्वांसाठी म्हंजी कुणाकुणासाठी?"

"सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी."

"माझी आज्जी सांगायची, ह्या आडाच्या कठड्याखाली हंडा घिऊन बसायचं. वरनं कुणी वतलं तर वतलं. न्हाई वतलं तर ऊन डोक्यावर आल्यावर तसंच परत."

आणि मी म्हणालो, "अरे, त्या ऐकीव गोष्टी."

इतक्या वर्षांत तुझ्याशी शेकडो वेळा वाद घातला, वाट्टेल ते बोललो, त्यातला एक शब्द परत घेता आला असता तर हा घेतला असता. तू वाद घालशील म्हणून मी थांबलोही होतो. तू कागदाची घडी घातलीस. "एवढी घाई का? माणूस जाऊन चाळीस वर्सं झाली."

"नानांची हौस," मी म्हटलं. घाई का होती ते मला माहीत होतं. खालच्या बौद्ध वस्तीनं आडापुढच्या नव्या चौकाला आपल्या पसंतीचं नाव देण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला होता, आणि तो ग्रामसभेत यायच्या आत नानांना आबासाहेब तिथे बसवायचे होते. तुझ्या नजरेला नजर न देता मी उडप्याला आणखी दोन चहा सांगितले.

तू पाटी आठ दिवसांत दिलीस. जाड पितळ, आरशासारखं घासलेलं, अक्षरं खोल कोरून काळ्या रंगानं भरलेली. मागच्या बाजूला जाड, काळी चिकट फिल्म. "भितीची ओल लागंल, फिल्म काढू नको," म्हणालास. मी इंजिनिअर, मी भोकं तपासणार नाही असं कसं होईल? स्क्रूचं डोकं पितळात बसावं म्हणून भोकाला समोरून उतरती कड काढतात, ती तू मागूनही काढली होतीस. चारी भोकांना.

"आता कोण चुकलं? मागून कड कशाला काढलीस? रिजेक्ट करू का?" मी चिडवलं.

"असू दे," तू म्हणालास. "लागली कधी तर."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पाटी लागली. नारळ फुटला, पेढे वाटले, चौकाला आबासाहेबांचं नाव पडलं आणि वस्तीचा अर्ज मागे राहिला. परत आल्यावर तुला फोटो दाखवला. "सरळ बसलीय," तू एवढंच म्हणालास. शुक्रवार पुढेही चालू राहिले. रेवाचा फोन यायचा, पुतळ्याची बातमी निघायची, तू "व्हय" म्हणायचास आणि डोशाचा तुकडा मोडायचास. माझ्याशी वाद घालणं तू बंद केलंस. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. रेवानं मात्र एकदा विचारलं, "बाबा, डिड यू टू फाइट?" मी म्हटलं, छे. आपल्या घरच्या पाटीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दोन वर्षं अशीच गेली. आणि मग मागच्या महिन्यात वर्कशॉपमध्ये पितळ घासायच्या बफिंग मशीनपाशी तू छातीला हात लावून खाली बसलास, तो उठलाच नाहीस.

परवा तुमच्या मल्याळी फोरमनचा फोन आला. "उत्तमभाई का ड्रॉवर हम खोला नहीं. आप आके देखो." सलमाबादला गेलो. ड्रॉवरमध्ये चष्म्याची जुनी काडी, डोकेदुखीच्या गोळ्या, सुनंदावहिनींचा फोटो, आणि नीट घडी घातलेला माझ्या अक्षरातला तो कागद. 'सर्वांसाठी' या शब्दाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. आणि खाली कोपऱ्यात, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, दोनच शब्द: मागं लिवलंय.

फोरमन म्हणाला, "पानी लाऊँ, साब? बैठो, बैठो."

संध्याकाळी आईला फोन लावला. ती नानांच्या वाटणीच्या अर्ध्या घरात राहते. तिचं जेवण तिकडून येतं, औषधं त्यांचा मुलगा आणतो, पडली तर उचलायला तेच आहेत. मी इथून फक्त फोन करतो. नानांपुढे माझं तोंड बंद का असतं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. पण तुला माहीत होतं असं मला आता वाटतं. आईला विचारलं, आबांनी आड खरंच सगळ्यांना खुला केला होता का?

"केला की रं," आई म्हणाली. "नळ आल्यावर केला. वस्तीत नळ आला, मग आबा म्हणाले, आता येऊ द्या कुणाला यायचंय त्याला. तवर कोण कशाला येतंय आडावर? आन हे तू नानास्नी इचारू नगं हं."

म्हणजे पाटीवर एक अक्षर खोटं नाही, उत्तम. हे ऐकून मी हसलो आणि मग मला हसू आवरेना, आणि नंतर ते हसणं राहिलं नाही. रेवाची आई आतून धावत आली. तिला काय सांगू?

माझ्यापुढे जेवढ्या वाटा होत्या तेवढ्या मीच बोलून बंद केलेल्या. पाटी काढायला सांगावं तर 'पुसू नये' हे माझंच वाक्य. शेजारी दुसरी लावावी तर ती नाना लावू देणार नाहीत, आणि लहान असणार हे तू सांगून ठेवलेलं. गप्प बसावं तर तुझे ते दोन शब्द. रेवाच्या गावातल्या कुंपणाच्या आत आता मीही उभा होतो.

शेवटी ताईला फोन केला. ताई तालुक्याला असते, शाळेतून रिटायर झाली, नानांना गावात घाबरत नाही अशी ती एकटीच. तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. लीव्हचं खोटंसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "स्क्रू कसले आहेत? साधे की प्लसचे?"

आज सकाळी ती एसटीनं गावी गेली. नाना लग्नाला गेले होते, दुपारी परतायचे होते. व्हिडिओ कॉलवर मला आधी आड दिसला, वर बसवलेली जाळी, आत पडलेल्या बाटल्या. मग पाटी. तू दिली होतीस तशीच चकचकीत. नाना दर आठवड्याला पुसून घेतात. ताईनं चारी स्क्रू काढून पदरात ठेवले आणि पाटी उलटी करून फिल्मचं टोक नखानं सोडवलं. फिल्म एका ओढीत निघाली.

मी ओरबाडून लिहिलेलं काही असेल असं धरून बसलो होतो. तसं नव्हतं. तीच किनार, तीच अक्षरं, तेवढीच खोल, तोच काळा रंग. ताईनं शाळेत धडा वाचावा तसं सावकाश वाचलं.

"गंगूबाई. माहेर याच गावचं. या आडाच्या कठड्याखाली हंडा घेऊन बसायची. तिच्या नातवानं ही पाटी बनवली." ती थांबली. "खाली तारीख आहे. आणि त्याखाली एकच शब्द आहे."

"कोणता?"

"ऐकीव."

आड, ताईचा हात, पितळ, सगळं मला दिसेनासं झालं. वस्तीकडून दोन बायका येऊन ताईजवळ उभ्या राहिल्या होत्या, एवढं कळलं. त्यांतली एक म्हणाली, "बाई, परत वाचा की."

ताईनं परत वाचलं. मग फोन तोंडाजवळ आणला. "शशी, लवकर सांग. पाटी घरी नेऊ, का होती तशी लावू? नाना येतील."

मला आई दिसत होती. तिचं दुपारचं ताट झाकून आणणारी नानांची सून दिसत होती. मी म्हटलं, "ताई, उलटी लाव."

"उलटी? अरे, स्क्रूची डोकी बसतील का ह्या बाजूनं?"

"बसतील," मी म्हटलं. "त्यानं करून ठेवलंय."

बसली. चारी डोकी पितळात गेली, बोट फिरवलं तरी लागणार नाहीत अशी. दोन मिलिमीटरचाही फरक नाही, उत्तम. मी पास केली.

हे लिहितोय तोवर नानांचे तीन फोन येऊन गेले. आता चौथा वाजतोय. आईचं काय होईल मला माहीत नाही, आणि मी इथे आहे, समुद्राच्या ह्या बाजूला. सोमवारी लीव्हचा अर्ज देतो, ह्या वेळी खरंच. त्याआधी हा फोन उचलतो. नाना विचारतील, ही कसली पाटी लावलीस आबांच्या जागी. मी सांगेन, तीच आहे, नाना. मोजून बघा. तेवढ्याच मापाची आहे.